दुपट्यावरचं नाव

आमचं दुकान बाळांच्या कपड्यांचं आहे आणि बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, बाळंतपणाचं हॉस्पिटल आहे. त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला आम्हाला कुठे जावं लागत नाही. शर्टाची बटणं खालीवर लावलेला, डोळे तांबारलेला कुणी रस्ता ओलांडताना दिसला की मी टोपडी काढायलाच घेते. मी काउंटरवर असते. माझ्या मागे खिडकीपाशी मशीन आहे आणि मशीनवर मास्तर बसतात. दुपट्यांवर बाळांची नावं भरायचं काम त्यांचं.

हल्ली आईबापांना साधं नाव चालत नाही. इंग्रजी शब्द लागतो, आणि तोही असा की शेजारच्या पाळण्यात दुसरा सापडता कामा नये. वेल्वेट झालं, मार्बल झालं. एकाने मुलाचं नाव थर्स्डे ठेवलं, का, तर तो गुरुवारी झाला. जन्म जरा लांबला असता तर काय केलं असतं, हे मी विचारलं नाही. एका जुळ्यांची नावं कंपास आणि व्हायलिन होती. पट्टी आणि खोडरबर कधी होणार आहेत, असं त्या बापाला विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मालकीणबाई शेजारीच उभ्या होत्या.

मास्तर मात्र कधी हसले नाहीत. त्यांना इंग्रजी येत नाही, अक्षरं तेवढी येतात. शब्द चांगला की वाईट, हे त्यात अक्षरं कुठली आहेत त्यावर ठरायचं. डब्ल्यू आला की दोरा फार खातो. छोट्या आयवरचा ठिपका धुतल्यावर निसटतो. ओ बरा, हात न थांबवता फिरतो. अर्थाच्या भानगडीत ते पडत नसत. "हाक मारल्यावर पोराने वळून बघितलं म्हणजे झालं," एवढंच त्यांचं मत. आई-वडील नावामागची कहाणी सांगायला लागले की ते मान हलवायचे आणि विचारायचे, "दोरा कुठला घालू?"

पूर्वी ते एका कारखान्यात होते. कामगारांच्या डगल्यांच्या खिशांवर कारखान्याचं नाव भरायचे. दिवसभर तोच एक शब्द, वर्षानुवर्षं. कारखाना बंद पडला तेव्हा मालकीणबाईंनी त्यांना आणलं. मुलगा शाळेत असतानाच त्यांची बायको वारली होती. मुलगा आमच्या मागच्या खोलीत, खोक्यांच्या गराड्यात बसून अभ्यास करून मोठा झाला. आता तो लिफ्ट दुरुस्त करतो. बापासारखाच मितभाषी. दोघं जेवायला बसले की फक्त ताटांचा आवाज येतो, असं सूनबाई सांगायची.

सूनबाई त्या घरात आली आणि घराला आवाज आला. ती टॅक्सीच्या ऑफिसात फोनवर बसायची, बोलण्यात कुणाला हार जायची नाही. मास्तरांना ती सरळ "बाबा" म्हणायची, त्यांच्या चष्म्याच्या काचा पुसून द्यायची आणि दुपारी दुकानात फोन करून जेवलात का विचारायची. फोन ठेवल्यावर मास्तर म्हणायचे, "फार बोलते." हे ते इतक्या कौतुकाने म्हणायचे की मला हसू आवरत नसे.

मास्तरांचा एक नियम होता. बाळ रडल्याशिवाय दुपट्यावर नाव भरायचं नाही. कुणी पोट घेऊन आली आणि म्हणाली, "नाव ठरलंय, आत्ताच भरून द्या," की ते सांगायचे, "बाळाचा आवाज ऐका, मग या." मालकीणबाई चिडायच्या. गिऱ्हाईक हातचं जातं म्हणायच्या. मास्तरांचं उत्तर ठरलेलं होतं, "पोटात असताना नावं बदलतात, बाई. उसवत कोण बसणार?" कारण ते नव्हतं, हे मालकीणबाईंना कळत होतं आणि मलाही. समोरच्या हॉस्पिटलातून सगळेच हसत बाहेर येत नाहीत. इतकी वर्षं दारातून तेच बघतोय आम्ही.

सूनबाईला दिवस गेले. पहिल्यांदा डॉक्टरांनी पडद्यावर बाळ दाखवलं तेव्हा तिला ते खड्याएवढं दिसलं. त्या दिवसापासून ती आणि मास्तरांचा मुलगा त्याला पेबल म्हणायला लागले. आधी गमतीने, मग गंमत राहिली बाजूला. मुलगा होवो की मुलगी, नाव पेबलच, असं ठरून गेलं.

आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी नावाचा अर्थ विचारला.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले ते तोंड पाडूनच. "पेबल म्हणजे काय माहितीये का तुम्हाला? खडा! माझ्या नातवंडाचं नाव खडा!"

"नदीकाठचा गुळगुळीत असेल हो," मी म्हटलं.

"कुठलाही असला तरी खडाच ना? तांदळातून निवडून टाकतो आपण तो."

"मास्तर, जगातल्या पोरांची कंपास आणि थर्स्डे तुम्हीच भरलीत की. तेव्हा चाललं."

"ती जगातली पोरं," ते म्हणाले आणि मशीनकडे वळले. त्या दिवशी त्यांनी एका मुलीच्या नावातलं एक अक्षर गाळलं. असं त्यांच्या हातून कधी होत नाही.

घरीही त्यांनी एक-दोनदा खडा टाकून पाहिला म्हणे. दुसरं काही सुचत नाही का, वगैरे. सूनबाई हसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा हाक मारून तर बघा, तोंडात बसेल." त्यांनी मारली नाही.

मग दिवस भरायला अजून अवकाश होता, तेव्हाच काहीतरी बिघडलं. डॉक्टरांनी तिला बिछान्यावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. फोनवरचं काम बंद, बोलणंही कमी झालं. हॉस्पिटलची बॅग भरून तिने पलंगाखाली ठेवून घेतली आणि एके संध्याकाळी मास्तरांना म्हणाली, "सगळं आहे यात. दुपटं तेवढं नाही."

"होऊ दे की बाळ. रस्ता ओलांडला की दुकान. तासाभरात देतो भरून."

"आत्ता द्या ना, बाबा."

"आत्ता नाही भरत मी. तुला माहितीये."

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "नाव लिहिलेलं समोर असलं की वाटेल, कोणीतरी नक्की येणार आहे."

हे सगळं मला मास्तरांनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, फळीवरचं सगळ्यात चांगलं फ्लॅनेलचं दुपटं खाली काढता काढता. सायीच्या रंगाचं होतं. त्यांनी कोपरा लाकडी रिंगमध्ये ताणला, रिंग खिडकीकडे धरून कापडाची वीण बघितली, गडद निळा दोरा ओवला आणि नाव भरलं. पहिलं अक्षर त्यांनी नेहमीपेक्षा मोठं काढलं. मी मुद्दाम म्हटलं, "खडा चांगला वजनदार झालाय की." त्यांनी दुपटं घडी करून पिशवीत घातलं आणि जेवायला गेले. मालकीणबाईंनी पाहिलं आणि त्या हिशेबाकडे वळल्या. मलाही नियमाची आठवण करून द्यावीशी वाटली नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, त्यांना तो स्वतःलाच आठवत होता.

मुलगी झाली. दिवस पुरे व्हायच्या आधीच झाली आणि झाल्या झाल्या तिला काचेच्या पेटीत ठेवली. नाकात नळी, छातीला वायरी, अंगावर कापड असं काही नाही. मास्तर काम टाकून रस्ता ओलांडून जायचे, काचेतून बघून यायचे आणि पुन्हा मशीनवर बसायचे. "हात हलवते," एवढं एकदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मनगटावर हॉस्पिटलची पट्टी होती, तिच्यावर आईचं नाव आणि पुढे "बाळ". बॅग उघडायची वेळच आली नाही.

मास्तर लगेच कामावर आले. मी म्हटलं, घरी थांबायचं होतं थोडे दिवस. ते म्हणाले, "घरी काय करू?" आणि बसले. नावं येत होती, ते भरत होते. बाप लोक तेच हसू, तीच घाई घेऊन येत होते, कुणी पेढ्यासारखा फोन पुढे करून फोटो दाखवत होता, मास्तर बघत होते, "छान आहे" म्हणत होते, दोरा विचारत होते. त्यांच्या आवाजात काही बदल नव्हता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. माणसाने ओरडावं, मशीनवर डोकं ठेवावं, निदान एखादं गिऱ्हाईक तरी झिडकारावं. काही नाही. चहा समोर ठेवला तर प्यायचे, नाही ठेवला तर मागायचे नाहीत. बोटाला सुई लागून रक्त आलं तेही मीच त्यांना दाखवलं.

घरी तर त्याहून वाईट होतं. सूनबाई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मुलगा दुसऱ्यांच्या पाळ्यासुद्धा स्वतःकडे घ्यायला लागला होता. ते नाव घरात कुणी काढत नव्हतं. तिघांनी ठरवलं होतं असंही नाही, पण कुणीच काढत नव्हतं.

एका सकाळी मुलाने ती बॅग मास्तरांच्या हातात दिली. "यातलं काय ते बघा, बाबा. तिच्या समोर नको," एवढं म्हणून तो कामाला गेला. मास्तर दुपटं घेऊन दुकानात आले, चष्मा लावला आणि छोटी टोकदार कात्री घेऊन नाव उसवायला बसले.

उसवायचं काम त्यांच्याइतकं नीट कुणाला जमत नाही. कापड उलटं करायचं, मागचा दोरा टाक्याटाक्याला कापत जायचं, मग सुलटं करून वरचा दोरा हळूच ओढायचा. मी झबली विकत होते आणि तिरप्या नजरेने बघत होते. निळ्या दोऱ्याचे तुकडे त्यांच्या मांडीवर पडत होते.

"मास्तर, हे कशाला?" मी शेवटी विचारलंच.

"नजरेस पडायला नको तिच्या. आणि चूक झालेली आहे कामात. आधी भरायचंच नव्हतं." वर बघितलं नाही. "चुकलेलं उसवतात."

त्यांनी कोपरा पाण्याने ओला केला, इस्त्री फिरवली, घडी घातली. मला वाटलं घरी नेतील.

बरेच दिवस गेले. थंडी पडली होती आणि दुपट्यांना मागणी होती. अशाच एका दुपारी दार उघडलं आणि सूनबाई आत आली. मी तिला चटकन ओळखलं नाही. अंगावर नवऱ्याचा स्वेटर, चेहरा अगदी कोरा. ती समोरच्या हॉस्पिटलकडे पाठ करून उभी राहिली.

"बाबा, बॅगेत दुपटं होतं. नाही सापडत."

मास्तरांनी मशीन थांबवलं.

"हे म्हणाले, बॅग तुम्हाला दिली. ते दुपटं मला हवंय. मी त्याच्याच शोधात घर पालथं घातलं आज." ती हळू बोलत होती, फोनवर पत्ता सांगावा तसं. "पट्टीवर माझं नाव होतं. तिकडच्या सगळ्या कागदांवर नुसतं बाळ. तिचं नाव तेवढ्या दुपट्यावरच आहे. दुसरीकडे कुठेच नाही. मला कधीकधी वाटायला लागलंय की आपण तिला नाव ठेवलंच नव्हतं."

मास्तर उठले. ते नेहमी वाकून बसतात, पण उभं राहिल्यावरही ते सरळ झाले नाहीत.

"मी उसवलं," ते म्हणाले.

ती एक पाऊल पुढे आली.

"तुला त्रास होईल म्हणून. उसवून, इस्त्री करून... फळीवर ठेवून दिलं."

"फळीवर?" हे मी विचारलं. माझा आवाज चढलाच. "मास्तर, विकायच्या फळीवर?"

"घरी नेऊन काय करणार होतो मी त्याचं?"

सूनबाई काउंटरच्या आत आली. तिला कुणी या म्हटलं नव्हतं. तिने फळीवरची सायीच्या रंगाची सगळी दुपटी खाली ओढली आणि एकेकाचा कोपरा बोटांत धरून चाचपू लागली. उसवलं तरी सुईची भोकं राहतात, हे तिलाही माहीत होतं. एक पाहिलं, बाजूला ठेवलं. दुसरं. मीही एक उचललं, उजेडाला धरलं. एक बाई टोपडी बघायला आत आली होती, ती आमच्याकडे बघून तशीच मागे गेली.

"त्यात नाही ते," मास्तर म्हणाले.

आम्ही दोघी थांबलो.

"गेलं. ऑर्बिट नावाचा मुलगा आहे, त्याच्या बापाने नेलं. रिंगमध्ये ताणलं आणि खिडकीकडे धरलं तेव्हा मला भोकं दिसली. उजेड आला त्यातून."

"आणि तुम्ही दिलंत?" मी म्हटलं.

"बाप समोर उभा होता. हसत होता. त्याला काय सांगणार?" त्यांचे हात बाजूला लोंबत होते. "गडबड करत होता, बाळ-बाळंतिणीला घरी न्यायचं होतं म्हणून. भरून दिलं."

खरं सांगते, त्या क्षणी मला मास्तरांचा राग आला. इतका थंड माणूस मी पाहिला नव्हता. मी सूनबाईला म्हटलं, "त्या माणसाचा नंबर आहे आपल्याकडे. फोन लावते. कापडात दोष निघाला म्हणते, दुसरं चांगलं देते, ते परत मागवते. तू बस इथे."

मी फोन उचललासुद्धा. तिने माझा हात धरला नाही, नुसतं विचारलं, "ते बाळ बरं आहे?"

"चांगलं गुटगुटीत होतं," मास्तर म्हणाले. "फोटो दाखवला होता."

"ते पांघरत असतील त्याला?"

"थंडी आहे. पांघरतच असतील."

ती हातातल्या कोऱ्या दुपट्याकडे बघत राहिली. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टुंईटुंई आवाज किती वेळ चालला होता. तिने मग मान हलवली. "नको फोन करू, ताई. बाळाच्या अंगावरून कुठे काढून आणायचं." आणि जरा थांबून ती म्हणाली, "बुजली असतील ना आता ती भोकं. वर ऑर्बिट आलं म्हणजे."

"नाही," मास्तर म्हणाले.

ते काउंटरपाशी आले. तिच्या हातातल्या दुपट्याचा कोपरा त्यांनी लाकडावर पसरला, तळव्याने सपाट केला आणि खालच्या काठालगत बोट टेकवलं. "त्याचं नाव इथे घातलं. अगदी खाली. बाप म्हणाला, इतकं कडेला का, वर घ्या. मी म्हटलं, इथेच बसतं." बोट वर सरकलं. "ही जागा सोडली. इथे पेबल आहे."

त्या घरातल्या कुणाच्या तोंडून मी ते नाव इतक्या दिवसांत पहिल्यांदा ऐकलं. सूनबाईनेही ऐकलं. तिने वर बघितलं.

"तुम्हाला तर ते नाव आवडलं नव्हतं, बाबा."

"नाहीच आवडलं. अजून नाही आवडत," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज आता फुटायला लागला होता आणि त्यांना तो आवरत नव्हता. "पण तिचं आहे ते. त्याच्यावर दुसऱ्याचं कसं घालू मी?"

ते तिथेच खुर्ची न शोधता खाली बसले, विस्कटलेल्या दुपट्यांच्या ढिगात, आणि रडू लागले. सूनबाई त्यांच्या शेजारी टेकली आणि त्यांचा चष्मा काढून स्वेटरच्या टोकाने पुसू लागली. पुसता पुसता तिचाही बांध फुटला. मी दुकानाचं दार आतून लावून घेतलं.